आजोबा, नरक आणि ऑगस्टमधली सही

पत्राचा सारांश: पत्रलेखिका मूळच्या अहिल्यानगरच्या, वय अडतीस, गेली नऊ वर्षं अमेरिकेत टेक्सासमध्ये. वडिलांचं घराणं मिशनच्या काळापासून ख्रिस्ती. आई माळकरी घरातली, लग्नानंतर बाप्तिस्मा घेतलेली. गेल्या आषाढात आईचे वडील गेले. ते नेमाने वारी करायचे आणि नातीच्या घरी नाताळालाही तितक्याच हौसेने यायचे. तेव्हापासून पत्रलेखिकेची झोप उडाली आहे. त्यांच्या बॅप्टिस्ट मंडळीत (चर्चमध्ये) त्या संडे स्कूलच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिकवतात आणि दर ऑगस्टमध्ये शिक्षकांना विश्वासपत्रकावर सही करावी लागते. ते पत्रक म्हणजे सदर्न बॅप्टिस्टांचा 2000 सालचा मसुदा. अनीतिमानांना सार्वकालिक शिक्षेच्या ठिकाणी, नरकात टाकलं जाईल, असं त्यात कलम आहे. यंदा तिथे हात अडतोय. शेवटी सगळ्यांचंच तारण, म्हणजे उद्धार, होईल असं मांडणारं पुस्तक एका मैत्रिणीने दिलं. ते वाचून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचीच भीती वाटली. नवरा म्हणतो, सही कर नि मोकळी हो. अभ्यासगटातले एकजण म्हणाले, हा विचार मनात येणं हीच घसरणीची पहिली पायरी. आणि नगरहून आई फोनवर विचारते, "दादा कुठे असतील गं?" सही करू का, मंडळी सोडू का, आईला काय सांगू, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

बरं वाटल्याची भीती वाटली, यामागे एक गृहीतक आहे: ज्याने मनाला आराम पडतो ते खोटंच असणार. औषध कडू असलं की गुणकारी, तशातलं हे. पण औषधाचा गुण चवीवरून कळत नाही. नरकाची शिकवण भयंकर आहे म्हणून खरी ठरत नाही आणि सर्वांच्या तारणाची आशा सुखावते म्हणून खोटीही ठरत नाही. दोन्ही शास्त्रवचनांवर घासूनच बघायला हव्यात. तुमची मंडळीही तत्त्वतः दुसरी कसोटी मानत नाही.

दुसरं गृहीतक असं की बाजू दोनच, एक मंडळीची आणि एक पुस्तकाची. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट, लोकांच्या वादात निदान तीन बाजू आहेत. पहिली, जाणीव शाबूत असताना भोगायची, न संपणारी यातना. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या धर्मपंडितापासून पश्चिमेकडच्या मंडळ्यांचा मुख्य प्रवाह हाच. दुसरी, नाशाची: न्याय होतो, शिक्षा होते, पण तिचा शेवट माणूस नाहीसा होण्यात होतो. एडवर्ड फज यांनी 1982 मध्ये ही बाजू सविस्तर मांडली. जगभरच्या इव्हँजेलिकल लोकांच्या 1974 च्या लोझान करारनाम्याच्या मसुद्यामागचा मुख्य हात ज्यांचा, त्या इंग्रज पाळक जॉन स्टॉट यांनीही 1988 मध्ये जपून, तात्पुरतं म्हणून, ती धरली. ब्रिटनच्या इव्हँजेलिकल अलायन्सने 2000 च्या अहवालात तिला इव्हँजेलिकल लोकांमधलंच एक लक्षणीय अल्पमत मानलं. तिसरी बाजू सर्वांच्या तारणाची. 2006 मध्ये 'ग्रेगरी मॅकडोनाल्ड' या नावाने एका इव्हँजेलिकल लेखकाने ती मांडली. खरं नाव रॉबिन पॅरी, हे त्यांनी 2009 मध्ये सांगितलं. टोपणनाव का घ्यावं लागलं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ही तिसरी बाजू नरक नाकारत नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या. पॅरींच्या मांडणीत नरक आहे, न्याय आहे, शिक्षाही आहे. फक्त तिथून बाहेर यायचं दार देव कधीच बंद करत नाही आणि बाहेर यायचं ते ख्रिस्ताच्याच नावाने. 'सगळे धर्म सारखेच' हा निराळा विचार आहे आणि वादात दोन्हींची सतत सरमिसळ होते. 2011 मध्ये मिशिगनचे पाळक रॉब बेल यांचं सर्वांच्या तारणाची आशा मांडणारं पुस्तक बाजारात यायच्या आधीच दुसरे एक पाळक जॉन पायपर यांनी ट्विटरवर तीन शब्दांत त्यांना निरोप देऊन टाकला होता. टल्साचे पाळक कार्ल्टन पिअर्सन सर्वांचं तारण शिकवू लागले तेव्हा त्यांची हजारोंची मंडळी काही शेकड्यांवर आली आणि 2004 मध्ये आफ्रिकन-अमेरिकन पेंटेकॉस्टल बिशपांच्या एका मंडळाने त्यांना पाखंडी ठरवलं. तेव्हा अभ्यासगटातल्या त्या गृहस्थांची भीती हवेतली नाही. पण त्यांना एवढं विचारा, की 'हा विचार' म्हणजे तिन्हींपैकी कोणता? बहुतेक गाडी तिथेच अडेल.

आता वाचायचं कसं. पुस्तकापासून सुरुवात करू नका. दुःखात असलेल्या माणसाला चांगली गद्यशैली कुठेही ओढून नेते. एक वही घ्या, पानावर तीन रकाने पाडा आणि मराठी बायबल उघडा. पहिल्या रकान्यात मत्तय 25:46, प्रकटीकरण 14:11 आणि 20:10. दुसऱ्यात मत्तय 10:28, योहान 3:16 मधला 'नाश' आणि रोमकरांस 6:23 मधलं 'मरण'. तिसऱ्यात रोमकरांस 5:18, 1 करिंथकरांस 15:22 ते 28, कलस्सैकरांस 1:20 आणि फिलिप्पैकरांस 2:10-11. 2 थेस्सलनीकाकरांस 1:9 पहिल्या दोन रकान्यांमधल्या रेघेवरच लिहा, कारण त्यातला 'सार्वकालिक नाश' दोघेही आपला म्हणतात. एका बैठकीत तीनच वचनं घ्या आणि प्रत्येकाचा पुढचा-मागचा अख्खा अध्याय वाचा.

मग प्रत्येक रकाना कुठे लंगडतो ते बघा. पहिल्याला 'नाश' आणि 'मरण' या साध्या शब्दांचा अर्थ बराच ताणावा लागतो. दुसऱ्याची अडचण प्रकटीकरण 20:10, तिथे पीडा युगानुयुग चालते. ते वचन सैतान, श्वापद आणि खोट्या संदेष्ट्याबद्दल आहे असं म्हणून सुटावं, तर 14:11 माणसांबद्दल आहे. तिसऱ्या रकान्यातली पौलाची 'सर्व' ही विधानं भक्कम आहेत आणि ती झटकून टाकणारे पाळक मला तरी घाईतले वाटतात. पण अग्निसरोवरात गेलेला कुणी बाहेर आला, असं सरळ सांगणारं एकही वचन नाही. नव्या यरुशलेमेच्या वेशी कधी बंद होत नाहीत (प्रकटीकरण 21:25), एवढ्या एका चित्रावर तिथे बराच भार टाकावा लागतो. माझं मत विचाराल तर वचनांच्या नुसत्या शब्दांवर दुसरा रकाना सर्वांत कमी ताणतो आणि पौलाचा एकूण ओघ तिसऱ्याकडे झुकतो. पहिला टिकतो तो मुख्यतः मत्तय 25 आणि प्रकटीकरणावर, आणि ते दोन्ही आधार हलके नाहीत.

'सार्वकालिक' या शब्दापाशी जरा थांबू या, कारण बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. मूळ ग्रीक शब्द आयोनिओस. मत्तय 25:46 मध्ये शिक्षा आणि जीवन दोन्हींना तोच लावलाय, आपल्या मराठी भाषांतरातही दोन्हीकडे 'सार्वकालिक'. ऑगस्टीनचा युक्तिवाद यावरच उभा आहे: जीवन न संपणारं, तर शिक्षाही न संपणारी. समोरचे म्हणतात, शब्दाचा अर्थ 'येणाऱ्या युगाचा'. रोमकरांस 16:25-26 मध्ये हाच शब्द लागोपाठच्या दोन वचनांत येतो, एकदा पूर्वी गुप्त राहिलेल्या आणि आता उघड झालेल्या रहस्याच्या काळासाठी आणि एकदा खुद्द देवासाठी. पहिला काळ संपला, देव संपत नाही. म्हणजे या एका शब्दावर निकाल लागत नाही, ना इकडे ना तिकडे. मूळ ग्रीकमध्ये बघा म्हणत पाच मिनिटांत निर्णय देणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं.

तशाच तीन गोष्टी कुणीही सांगितल्या तरी वहीत उतरवू नका. एक, येशूच्या काळी गेहेन्ना (नरकासाठीचा बायबलमधला मूळ शब्द, हिन्नोमच्या खोऱ्यावरून आलेला) म्हणजे यरुशलेमेची कचरा जाळायची जागा होती, हे. बेल यांच्या पुस्तकातही ते आहे, पण याचा लेखी आधार सुमारे 1200 सालच्या एका यहुदी भाष्यकारापर्यंतच मागे जातो. हिन्नोमच्या खोऱ्याची खरी ओळख यिर्मया 7:31 मध्ये आहे: मुलांचे बळी दिल्याची जागा. दोन, पहिल्या काही शतकांत मंडळीच्या सहापैकी चार विद्यापीठांत सर्वांचं तारणच शिकवत, हे. ओरिगेन आणि निस्साचे ग्रेगरी या सुरुवातीच्या शतकांतल्या धर्मपंडितांनी ते शिकवलं, एवढं खात्रीचं; पुढचा हिशोब फुगवलेला. तीन, उलट्या बाजूचं: 553 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने हा विषय कायमचा मिटवला. तिथला रोख ओरिगेनच्या नावावरच्या शिकवणीवर होता, त्यात आत्मे जन्माआधीच असतात हेही आलं. ग्रेगरींवर ठपका आला नाही, ते आजही संत म्हणून मानले जातात.

वही भरली की मग एकच पुस्तक: 'फोर व्ह्यूज ऑन हेल'ची 2016 ची आवृत्ती. चार लेखक, आणि प्रत्येक लेखावर उरलेल्या तिघांची उत्तरं. ती उत्तरं आधी वाचा. लेखाची कच्ची बाजू तिथे चटकन दिसते. याच नावाच्या 1992 च्या आवृत्तीत सर्वांच्या तारणाला जागाच नव्हती, 2016 मध्ये पॅरींना मिळाली. वाद कुठून कुठे आलाय ते यातून कळेल.

एक आपल्या भाषेचं. 'नरक' हा शब्द तुमच्या आईच्या माहेरी ज्या अर्थाने घेतला जातो, त्यात नरकांची संख्या मोठी असते पण शिक्षेला मुदत असते. गरुडपुराणातलं माणूस भोग संपला की तिथून सुटतं, पुढच्या जन्माला लागतं. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी गेहेन्नासाठी हाच शब्द उचलला, पण हेडीससाठी, म्हणजे मेलेल्यांच्या ठिकाणासाठी, 'अधोलोक' असा वेगळा ठेवला. इंग्रजीच्या जुन्या किंग जेम्स भाषांतरात दोन्हींना एकच शब्द आहे. म्हणून या एका बाबतीत मराठी वाचक जरा बऱ्या जागी आहे: लूक 16 मधल्या गोष्टीतला श्रीमंत मेल्यावर अधोलोकात आहे आणि प्रकटीकरण 20:14 मध्ये तो अधोलोकच अग्निसरोवरात टाकला जातो. तेव्हा लूक 16 ही शेवटच्या न्यायानंतरची गोष्ट नाही आणि तिच्यावरून कायमच्या नरकाचा नकाशा काढता येत नाही. शिवाय त्या श्रीमंताचं पाप तिथे कोणतं दाखवलंय? दारात पडलेल्या भिकारी लाजराकडे न बघणं. आईशी बोलताना 'नरक' हा शब्द तुम्ही एका अर्थाने वापराल आणि त्या दुसऱ्या अर्थाने ऐकतील, हेही ध्यानात असू द्या.

इथवर जे लिहिलं ते 'शेवटी काय होतं' याबद्दल. आजोबांचा प्रश्न निराळा आहे: ज्यांच्यापर्यंत सुवार्ता नीट पोहोचली नाही त्यांचं काय? तुम्ही म्हणाल, ते नाताळाला यायचे, येशूचं नाव त्यांना ठाऊक होतं. पण नाव कानावर पडणं आणि निवड करण्याइतकं समोर येणं यांत अंतर आहे, आणि ते किती हे बाहेरून कुणाला मोजता येत नाही. स्टॉट या प्रश्नावर 'आपल्याला माहीत नाही' इथेच थांबले, आणि त्यांच्या इव्हँजेलिकलपणावर त्यासाठी कुणी काट मारली नाही.

आणि हा प्रश्न तुमच्या गावाला नवा नाही. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम, जन्म मुंबईचा, 1847 चा. नगरची धर्मशिक्षणाची सेमिनरी त्यांनीच 1878 मध्ये काढली. 1886 मध्ये ते अमेरिकेत रजेवर होते, आणि तेव्हा तिथे अँडोव्हर सेमिनरीच्या प्राध्यापकांच्या एका कल्पनेवरून रान पेटलं होतं. हयातीत ज्यांना ख्रिस्त कळलाच नाही त्यांना मृत्यूनंतर संधी मिळू शकेल, अशी ती कल्पना. ह्यूम यांनी तिच्याबद्दल सहानुभूतीने बोलल्यावर मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाने त्यांची परतपाठवणी रोखून धरली. ही कल्पना मान्य केली तर मिशनकार्याचा कणाच मोडेल, असा विरोधकांचा मुद्दा होता. अखेर 1887 मध्ये ह्यूम नगरला परतले आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच सुवार्तेचं काम करत राहिले. कणा मोडतो की नाही, याचं एक उत्तर तुमच्याच गावात आहे. अँडोव्हरची कल्पना म्हणजे सर्वांचं तारण नव्हे, हे मात्र विसरू नका. संधी मिळणं वेगळं आणि सर्वांनी ती घेणं वेगळं.

आता सही. तुम्हाला वाटतं तुमची अडचण दहाव्या कलमाशी आहे, नरकाच्या. मसुदा पुन्हा वाचा. दहावं कलम सार्वकालिक शिक्षा म्हणतं, अनीतिमान कोण त्यांची नावं देत नाही. नाशाची बाजू धरणाराही ओढूनताणून त्यावर सही करतो: नाश झाला आणि तो कायमचा, म्हणजे शिक्षा सार्वकालिकच. आजोबांच्या बाबतीत खरं अवघड आहे ते चौथं कलम, तारणाचं. येशू ख्रिस्तावरच्या वैयक्तिक विश्वासाखेरीज तारण नाही असं ते स्पष्ट म्हणतं. तुमचं भांडण कशाशी आहे ते आधी ठरवा, नाहीतर पाळकांशी बोलताना तुम्ही दहाव्यावर बोलत राहाल आणि ते चौथ्यावर. याच विश्वासपत्रकाच्या 1925 च्या पहिल्या मसुद्याच्या प्रस्तावनेत, हे आपल्या विश्वासाचं संपूर्ण, अंतिम किंवा अचूक निवेदन नव्हे, असं बॅप्टिस्टांनीच लिहून ठेवलंय. बोलताना ते उपयोगी पडेल.

ऑगस्ट उजाडायच्या आत, निदान तीन आठवडे आधी, पाळकांची भेट मागा. मेल दोन ओळींचा: "विश्वासपत्रकातल्या चौथ्या आणि दहाव्या कलमाबद्दल मला प्रश्न आहेत. सही करण्याआधी पाऊण तास भेटता येईल का?" धर्मशास्त्र मेलमध्ये घालू नका, मेल पुढे जातात. भेटीत पहिल्यांदा हे विचारा, की सहीचा अर्थ 'मी हे मानते' असा, की 'वर्गात याविरुद्ध शिकवणार नाही' असा? बऱ्याच मंडळ्यांमध्ये नेमकं हेच कुणी कधी विचारलेलं नसतं. मग: कलमापुढे लेखी टीप जोडता येते का? सभासदाला आणि शिक्षकाला निकष एकच की वेगवेगळे? आणि मी आज जे बोलते आहे ते आणखी कुणाच्या कानावर जाईल? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, तरी विचाराच. 'मी युनिव्हर्सलिस्ट (सर्वांचं तारण मानणारी) झाले' असं म्हणू नका, कारण झालेल्या नाही आहात. 'माझं अजून ठरलं नाही' म्हणा. आणि त्याआधी बायकांच्या प्रार्थनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे टाकू नका. 'तिच्यासाठी प्रार्थना करा' या तीन शब्दांवर स्वार होऊन बातमी रविवारपर्यंत पार्किंगमध्ये पोहोचते.

सहीचा अर्थ 'याविरुद्ध शिकवणार नाही' एवढाच निघाला, तर तुम्ही आज सही करू शकता, खोटेपणा नाही. 'मनापासून मानते' असा निघाला, तर यंदा शिकवणं थांबवा, सभासद राहा. वर्षभर मुलांचा नाश्ता सांभाळला, गाण्याच्या गटात गेलात, तरी मंडळीतच आहात. नवऱ्याचा सल्ला मला पटत नाही. न मानता सही केली तर कागद फाइलमध्ये जाईल, पण वर्गात एखादं पोर हात वर करेल तेव्हा तुम्हाला घशात अडकलेलं काहीतरी गिळून बोलावं लागेल, दर रविवारी.

मंडळी सोडायचं म्हणाल, तर घरात मृत्यू होऊन वर्षही झालेलं नसताना एवढा मोठा निर्णय नको. मुलांना आगीचा धाक घालायचा आग्रह झाला, किंवा आईला अमुकच उत्तर दे असा दबाव आला, तर मात्र वेगळी मंडळी शोधा, आणि त्यासाठी वादाचा निकाल लागायची वाट बघू नका.

मुलांचं थोडक्यात. आठ-नऊ वर्षांचं मूल "माझी आजी नरकात गेली का?" विचारतं तेव्हा ते बहुधा "मी आणि आई वेगळे होणार का?" हे विचारत असतं. खाली बसा, त्याच्या उंचीला या. "कुणाचा न्याय कसा होईल ते आपल्याला ठाऊक नाही. न्याय करणारा येशू आहे, आणि तो तुझ्या आजीला तुझ्यापेक्षाही जास्त ओळखतो." एवढं तिन्ही बाजूंना चालतं आणि विश्वासपत्रकातल्या कुठल्याही कलमाविरुद्ध नाही. वर्ग सुटल्यावर त्याच्या आईवडिलांना हे सांगा, त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नका. मेणबत्तीवर बोट धरायला लावून नरक समजावण्याचा प्रकार अजून कुठे कुठे चालतो; तो तुमच्या वर्गात कुणी करू लागलं तर तिथल्या तिथे थांबवा.

झोपेचं. रात्री तीच पापकबुलीची प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणावीशी वाटत असेल, एकदा नीट झाली नाही म्हणून परत, तर तो धर्मशास्त्राचा प्रश्न राहिलेला नाही. समुपदेशकाकडे जा, आणि असा निवडा जो धार्मिक भीतीचे रुग्ण बघतो.

उरली आई. त्यांना ग्रीक नको आहे. "नक्की स्वर्गात आहेत" असं म्हणू नका. तुम्हाला ते माहीत नाही आणि त्यांना ते लगेच ओळखू येईल. त्यांनी माहेर मागे ठेवून बाप्तिस्मा घेतलाय, त्यामुळे "दादा कुठे असतील" यात "मी त्यांना मागे टाकून आले का" हेही असू शकतं. उत्पत्ती 18:25 मधला अब्राहामाचा प्रश्न त्यांना वाचून दाखवा: "सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय?" अब्राहाम सदोमच्या लोकांसाठी देवाशी घासाघीस करत होता, आणि देवाने त्याला गप्प बस म्हटलं नाही. दादांसाठी तुम्ही दोघी तशी घासाघीस करू शकता. तिच्यावर कुठल्याही विश्वासपत्रकात बंदी नाही. मग दादा कोणत्या दिंडीत चालायचे, वाटेत मुक्काम कुठे कुठे पडायचा, ते विचारा आणि फोन लवकर ठेवू नका.